पावणेदोन तासांचं अंतर

अण्णा,

व्हिएन्ना ते कोपनहेगन विमानाने पावणेदोन तास. पावणेनऊशे किलोमीटर. हे तुम्ही मला आपल्या दुकानात, गल्ल्यावर बसल्या बसल्या मोबाइलमध्ये शोधायला लावलं होतं. त्यानंतर माजलगावात असा माणूस उरला नाही, ज्याला तुम्ही ते ऐकवलं नाही. कपाशीचं बियाणं न्यायला आलेला शेतकरी असो, खताच्या गाडीचा ड्रायव्हर असो, नाहीतर पूजेला आलेले स्वामी असोत. "थोरला शिवराज व्हिएन्नात, धाकटा बसवराज कोपनहेगनात. पावणेदोन तास! आपली यष्टी औरंगाबादच्या निम्म्या वाटंत असंल, तवर ही पोरं एकमेकाच्या घरी जेवायला बसतेल." समोरचा माणूस मान डोलवायचा आणि तुम्ही त्याला चहा सांगायचात.

तुम्ही गेल्यापासून माणसं येतायत, सतरंजीवर बसतायत आणि म्हणतायत, "अण्णा म्हंजे देवमाणूस." मी पाणी देते, मान हलवते. इथे मान हलवणार नाही. इथे तुम्ही आणि मी, दोघंच आहोत. आणि जन्मात पहिल्यांदा, मी बोलत असताना तुम्हाला मध्येच "बास गिरजे" म्हणता येणार नाही.

मी तुमच्यावर चिडलेली आहे, अण्णा. रडायला येतं, ते आवरतही नाही. पण रडून झालं की पुन्हा चीडच शिल्लक राहते.

अडचण अशी आहे की तुम्ही माझ्याशी वाईट वागला नाहीत. वागला असतात तर सोपं झालं असतं. मी सासर सोडून कायमची परत आले, तेव्हा भावकीतली माणसं तुम्हाला शिकवायला आली होती. मला आतल्या खोलीतून सगळं ऐकू येत होतं. तुम्ही त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलंत, आणि म्हणालात, "झालं? आता उद्यापासून ती दुकानात बसंल. ज्याला तिच्या हातनं बी घ्यायचं न्हाई त्यानं बीडाहून आणावं." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः खुर्ची पुसून मला गल्ल्यावर बसवलंत. बियाण्याची पिशवी कशी बघायची, कीटकनाशक मागणाऱ्याला आधी पिकाचं पान दाखवायला का सांगायचं, उधारीवाल्याशी कसं बोलायचं, सगळं तुम्ही शिकवलंत. एका हंगामात सोयाबीनचं एक वाण उगवलंच नाही, तेव्हा तुम्ही कंपनीची वाट न बघता मोटारसायकलवर बसून बांधाबांधावर गेलात आणि ज्याने ज्याने ते नेलं होतं त्याला दुसरं बी देऊन आलात. बोगस माल तुम्ही जन्मात विकला नाहीत. मी तुमची मुलगी आहे हे सांगताना माझी मान ताठ असायची.

म्हणून तर इतकं लागलं. ज्याने परक्याला कधी फसवलं नाही, त्याने स्वतःच्या पोरांना फसवलं.

आई गेली तेव्हा बसू लहान होता. त्याला मी न्हाऊ घातलं, मी शाळेत सोडलं. शिवराज त्याला सायकलच्या दांडीवर बसवून धरणावर न्यायचा. पुढे शिवराज रेल्वेचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत व्हिएन्नाला लागला, आणि बसू पवनचक्क्यांचं शिकायला कोपनहेगनला गेला. तिथेच नोकरीलाही लागला. पहिल्या वर्षी शिवराज त्याच्याकडे कुकर, तूरडाळ आणि मी पाठवलेलं काळं तिखट घेऊन गेला होता. त्या दिवशी दोघांनी एकाच फोनमध्ये तोंडं घालून तुम्हाला वरणभात दाखवला. तुम्ही दुकानातल्या गिऱ्हाइकांना तो फोन फिरवून फिरवून दाखवलात. त्या वेळचं तुमचं तोंड मला आठवतं. ते तोंड आठवलं की मला पुढचं खरं वाटत नाही.

मग शिवराजने लग्न केलं. सुनंदा लिंबागणेशाजवळच्या वस्तीवरची, धनगराची मुलगी. पुण्याला त्याच्याच वर्गात होती, त्याच्याहून हुशार होती, आणि हे शिवराज स्वतः सांगायचा. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "मला एकच पोरगा हाय." आणि फोन ठेवून मिरचीच्या बियाण्याचे पुडे लावत बसलात.

सुनंदाचे वडील म्हाळबा आपल्या दुकानात आले होते, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी विसरणार नाही. सकाळची गाडी धरून, मांजरसुंब्याला उतरून, दुसरी धरून आलते. खांद्यावर घडी घातलेली घोंगडी, त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची, तुमच्यासाठी.

"रामराम मालक," ते म्हणाले.

"बोला."

"पोरांनी केलंय ते केलंय. माझी लेक तुमच्या घरात आली. सुखात हायत दोघं. आपण मोठ्यांनी कावून आडवं यायचं?"

तुम्ही औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचत होतात. वर न बघता म्हणालात, "माझ्या घरात कुणी आलं न्हाई. तुमची लेक परदेशात हाय. माझं घर माजलगावात हाय."

मी स्टूल पुढे सरकवला. तुम्ही म्हणालात, "गिरजे, तो स्टूल गिऱ्हाइकाला लागतो."

तो माणूस तुमच्याहून वयाने मोठा होता, अण्णा. उभ्यानेच त्याने घोंगडी खताच्या पोत्यांवर ठेवली, मला म्हणाला, "येतो ताई," आणि उन्हात निघून गेला. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर ते रस्त्यावर उभं राहून पाणी प्यायले आणि मलाच म्हणाले, "मालकाला काही बोलू नका. बापाला राग येतो."

त्यावरून आपलं भांडण झालं. ते तुम्ही नेहमीसारखं "बास" म्हणून संपवलंत. बसूला तुम्ही ताकीद दिलीत की व्हिएन्नाला पाऊल टाकायचं नाही. लातूरच्या एका घरातून त्याच्यासाठी विचारणा आली होती. तुम्ही त्याला म्हणालात, "थोरल्याच्या बायकोच्या हातचा एक घास जरी खाल्लास ना, तर ही सोयरीक गेली म्हणून समज." बसू तुमचं ऐकणारा. त्याने ऐकलं. लातूरकरांनी पुढे स्वतःच ती सोयरीक मोडली, मुलीला डेन्मार्क लांब वाटलं म्हणून. तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत.

आणि मग वर्षभराने तुम्ही शिवराजचा फोन घ्यायला लागलात. मी आत भाकऱ्या थापत होते, आणि ओसरीवरून तुमचा आवाज आला, "बोल शिवराज." मी तशीच पिठाच्या हातांनी दाराशी येऊन उभी राहिले. सुनंदाशी बोलला नाहीत, तिचं नावही काढलं नाहीत, पण पोराशी बोललात. मी त्या दिवशी पेढे आणले. शेजारणीला म्हटलं, अण्णा विरघळले.

विरघळला नव्हतात तुम्ही. आता कळतंय.

त्यानंतर दोघांचे फोन तुमच्याकडे यायचे, वेगवेगळे. बोलताना तुम्ही मागच्या गोदामात जायचात. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "त्या दोघांचं बिनसलंय. तू मदी पडू नको." मी शिवराजला विचारलं, तो म्हणाला, "सोड ना ताई." बसूला विचारलं, तर तोही म्हणाला, "सोड ना." दोघांनाही काहीतरी लागलं होतं आणि दोघंही ते माझ्यापासून झाकत होते. मला वाटलं, भावाभावांत होतं तसं काही असेल, निवळेल.

मग तो हिवाळा आला. बसूच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याचीही नोकरी गेली. तिकडे हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं. तो बाहेर जायचा थांबला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मग व्हिडिओवरही येईना म्हणून मी फोन लावला तर म्हणायचा, "झोप येतीय गं ताई. दिवसभर येतीय." पुढे फोन उचलायचाच बंद झाला. माझ्या हाताचं काम सुटायचं. शेवटी मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "अण्णा, शिवराजला सांगा. त्याला म्हणावं भांडण राहू दे बाजूला, भावाकडं जा. तुमीच सांगता ना सगळ्याला, पावणेदोन तास."

"सांगितलं मी," तुम्ही म्हणालात. "त्याला येळ न्हाई."

मी शिवराजला फोन केला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "ताई, त्याबद्दल बोलू नकोस. हात जोडतो तुला." आणि फोन बंद केला. त्या दिवसापासून कितीतरी महिने मी माझ्या सख्ख्या भावाला दगड समजत होते. हे सुद्धा तुमचंच काम.

बसू वाचला तो परक्या माणसामुळे. त्याच्या खालच्या मजल्यावर एक टॅक्सीवाला राहायचा, मूळचा लाहोरचा, वयस्कर. वरच्या पोराच्या पावलांचा आवाज येत नाही, म्हणून तो बघायला आला. त्याने विचारलं, कुछ खाओगे? बसू म्हणाला, "नक्को भाई." ते "नक्को" ऐकून म्हणे तो माणूस हसला, त्याने तसलं कधी ऐकलं नव्हतं. मग रोज यायचा. डाळ आणायचा, शेजारी बसून खायला लावायचा. त्यानेच डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू झाली तेव्हा आपल्या गाडीत घालून आणलं-नेलं. बसूला पुन्हा उभं राहायला बराच काळ लागला, पण राहिला. आपल्या पोराला कोण जेवू घालतंय हे तुम्हाला मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "भला माणूस दिसतो." तेवढंच.

तुम्ही गेलात पेरणीच्या दिवसांत, भर गर्दीत. सकाळपासून दुकानासमोर रांग होती. तुम्ही "गिरजे" म्हणून हाक मारलीत. मी "आले" म्हटलं, पण समोरच्या बाईला पावती देत होते. वळून बघितलं तर तुम्ही पोत्यांना टेकून बसला होतात. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

आपल्या लिंगायतांत माती देतात आणि फार थांबत नाहीत. पोरं पोहोचणं शक्य नव्हतं. तुम्हाला बसवून नेलं, विभूती लावलेली, गळ्यात बेलाची माळ. खड्ड्याच्या कडेला दोन माणसं दोन फोन धरून उभी होती, एक शिवराजसाठी, एक बसूसाठी. एकाच फोनवर दोघांना घ्यावं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तुमच्या अंगावर माती पडताना दोघं पोरं दोन पडद्यांत, दोन बाजूंनी रडत होती. ते बघून मला तुमची कीव आली होती, अण्णा. काय बिचाऱ्याच्या नशिबी, पोरं अशी निघाली. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

शिवराज आणि सुनंदा मुंबईहून गाडी करून आले. बसू हैदराबादला उतरला, तो दुसऱ्या दिवशी पोहोचला. आपल्या घराचा उंबरा सुनंदाने त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला. तिने सरळ पदर खोचला आणि भांडी घासायला बसली. भाऊ दोघं ओसरीच्या दोन टोकांना. माणसं आली की एकाने उठायचं, गेली की दुसऱ्याने बसायचं. जेवायच्या वेळीसुद्धा एकाचं झाल्यावर दुसरा.

मग एका दुपारी माणसांची ये-जा जरा थांबली होती. बसू पाणी प्यायला आत आला. मी पीठ मळत होते, सुनंदा लसूण सोलत होती. तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"भावजी, एक विचारू? राग आला तरी चालेल."

बसू थांबला.

"हे तुमच्याकडे यायला निघाले होते त्या वेळी. तुम्ही खरंच तसं म्हणाला होतात का?"

"कसं?"

"की हे आले तर तुम्ही जीव द्याल."

बसूच्या हातात तांब्या तसाच. त्याला आधी वाक्यच कळलं नाही. "कोण आलं तर?"

"तुमचे दादा. त्यांनी तिकीट काढलं होतं. विमानतळावर बॅग दिली, आत गेले. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. म्हणाले, बसू म्हणतोय शिवराज दारात दिसला तर मी जीव देईन. त्याच्या जिवाशी खेळू नको, माघारी फीर. आणि गिरजाला यातलं काही सांगू नको, ती झुरंल. हे घरी आले ते जोडे न काढता जिन्यात बसून राहिले. बॅग विमानतळावरच राहिली, ती पुढे कितीतरी दिवसांनी घरी आली."

बसूने तांब्या ठेवला. तो बाहेर ओसरीवर गेला, आणि मी पिठाचे हात घेऊन त्याच्यामागे गेले.

"दादा," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याने ही हाक मारली होती. "तू आलतास?"

शिवराजने वर बघितलं.

"तू निघालतास माझ्याकडं?"

"निघालतो," शिवराज म्हणाला. "तुला नको होतं ना."

"मला नको होतं?" बसूचा आवाज फाटला. "अरे, मी अण्णांना विनवलं, दादाला पाठवा म्हणून. रोज विनवलं. अण्णा म्हणले, सांगितलं त्याला, तो म्हणतो मला येळ न्हाई, माझी बायको असल्या माणसाला घरात घेणार न्हाई."

मागे दारात सुनंदा उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला.

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही, अण्णा. शिवराज उठला, अंगणात गेला, हौदावर वाकून तोंडावर पाणी मारत राहिला. आणि बसू हसायला लागला. ते हसणं ऐकवत नव्हतं. मी त्याला धरून बसले, लहानपणी ताप आल्यावर धरायचे तसं.

नंतर ते भांडले. शिवराज म्हणाला, "तू माझ्याबद्दल असलं खरं कसं मानलंस बे?" बसू म्हणाला, "आन् तू मानलंस ते? एक फोन केला असतास!" शिवराज म्हणाला, "तू जीव दिला असतास तर?" ओरडून ओरडून, गल्लीत ऐकू जाईल असं. त्या हिवाळ्याच्या आधीचंही निघालं, तुम्ही गोदामात जाऊन एकाच्या नावावर दुसऱ्याला काय काय सांगत होतात ते. शेजारीण डोकावली, मी तिला हातानेच जा म्हटलं. कितीतरी वर्षांनी तुमच्या घरात तुमच्या परवानगीशिवाय भांडण होत होतं. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की मी पायरीवर बसून ऐकतच राहिले.

मी तुम्हाला विचारते, का केलंत हे? कावून, अण्णा? उत्तर मला माहीत आहे. तुम्ही म्हणाला असतात, घर फुटू नये म्हणून. बसू एकदा तिकडे जेवला, सुनंदाला वहिनी म्हणाला, की तोही हातातून गेला, असं तुम्हाला वाटलं. एक पोरगा गेलाच होता, दुसरा तरी आपल्या मुठीत राहावा. मला तुमची भीती कळते. बाई मेल्यावर तीन पोरं एकट्याने वाढवलेला माणूस, त्याला पोरं जाण्याची धास्ती असणारच. पण बसू त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता तेव्हासुद्धा? तेव्हा तुमच्या हातात दोन्ही फोन होते. एक शब्द बोलायचा होता. "जा." त्याऐवजी तुम्ही एका पोराच्या मरणाची भीती दुसऱ्या पोराला घातलीत. आणि तो खरंच मेला असता, अण्णा. त्या टॅक्सीवाल्याने पायांच्या आवाजाकडे लक्ष दिलं नसतं तर आज ओसरीवर एकच पोरगा बसला असता. मग तुम्ही काय सांगितलं असतंत दुकानात?

आणि हे सगळं चाललेलं असताना तुम्ही गिऱ्हाइकांना पावणेदोन तास सांगत होतात! तेव्हाही. मी शेजारी बसून ऐकत होते. तुम्हाला घास कसा जात होता?

मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी तुमची शोकसभा ठेवली. तुमचा मोठा फोटो, त्याला निशिगंधाचा हार. मोंढ्यातले एक जुने आडतदार बोलायला उभे राहिले. म्हणाले, अण्णांनी पोरं अशी वाढवली की परमुलखातसुद्धा एकमेकाचा हात सोडला नाही. पावणेदोन तासांवर दोघं भाऊ! पहिल्या रांगेत शिवराज आणि बसू शेजारी शेजारी बसले होते. दोघांच्या माना खाली. सुनंदाचे वडील आले होते, बोलावलं नसताना, आणि मागे चपलांपाशी उभे होते. मी जाऊन त्यांना हाताला धरून पुढे आणलं आणि शिवराजजवळ बसवलं. सभेत कुजबुज झाली. होऊ दिली.

मग त्यांनी मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. खरं सांगते, सगळं ओठांवर आलं होतं. म्हटलं, आज या सगळ्या माणसांसमोर तुमचा तो फोटो उतरवते. शिवराज खालून हळूच म्हणाला, "ताई, नको." बसू नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हणाले, "अण्णांनी कुणाला कधी बोगस बी विकलं नाही. एवढं मी शपथेवर सांगू शकते." आणि खाली बसले.

लोकांना ते फार आवडलं. दोघातिघांनी डोळे पुसले. त्यांना वाटलं मी तुमची स्तुती केली. तुम्ही गेल्यावरसुद्धा मला तुम्हाला झाकावं लागलं, याचा मला आणखी राग आला.

जायच्या आधी बसूने तिकीट बदललं. तो दोघांबरोबर व्हिएन्नाला गेला, काही दिवस त्यांच्याकडे राहिला, सुनंदाच्या हातचं जेवला. तिथून कोपनहेगनला पोहोचल्यावर त्याने मला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. म्हणाला, "ताई, पावणेदोन तास नुसते हवेतले गं. दादाच्या घरातून निघून माझ्या घरात शिरेपर्यंत अर्धा दिवस जातो. अण्णांना कुणी सांगितलंच नाही." मी ते ऐकून दुकानात मोठ्याने हसले, आणि मग मला तुमची इतकी आठवण आली की गल्ला उघडा टाकून मागे गोदामात जाऊन बसले. ही गंमत सांगायला तुम्हीच हवे होतात. तुम्ही वाद घातला असतात. विमान ते विमान धरायचं, घर ते घर न्हाई, असं म्हणून मला गप्प केलं असतंत.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. शिवराज म्हणतो, होईल हळूहळू. बसू म्हणतो, नाही झालं तरी चालेल. मला बसूचं पटतं. तुमचं दुकान मी चालवणार आहे, चोख चालवणार आहे, कारण ते मला येतं आणि ते तुम्ही शिकवलंत. तुमच्यावर माया होती, अजून आहे, ती काही मी उपटून टाकू शकत नाही. पण मायेच्या माणसाला काय वाटेल ते करायची मुभा असते, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. जिवंत होतात तेव्हा हा वाद घालायची संधी तुम्ही मला दिली नाहीत. आता घालते. एकटीनेच घालते.

परवा तुमच्या समाधीच्या दगडासाठी पाथरवट दुकानात आला होता. नाव, गाव, सगळं त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, "नावाच्या वर काय घालायचं? प्रेमळ पिता घालतात, धर्मनिष्ठ घालतात, त्यागमूर्ती घालतात. तुम्ही म्हणाल ते."

मी दोघांना फोन केला, या वेळी एकाच फोनवर. दोघंही म्हणाले, "ताई, तू ठरव."

मी खूप वेळ विचार केला. गिऱ्हाइकं थांबली होती, पाथरवट बिचारा उभाच होता. एकही शब्द असा मिळाला नाही, अण्णा, जो मला शपथेवर सांगता आला असता.

"नुसतं नाव घाला," मी म्हणाले.

"ताई, वरची जागा रिकामी राहील. बरं दिसायचं न्हाई ते."

"राहू द्या," मी म्हणाले.